भाव दोन, सामना एक

गेल्या महिन्यात या सदरात भाकीत-बाजारांची ओळख करून दिली होती. एखादी घटना घडली तर एक डॉलर आणि न घडली तर शून्य देणारा करार (हा ‘होय’, आणि याच्या नेमका उलट देणारा तो ‘नाही’), आणि निकाल लागेपर्यंत त्या कराराची चालणारी खरेदी-विक्री, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धांविषयी आहेत. दोन ठिकाणच्या भावांतला फरक हेरून जोखमीशिवाय नफा मिळवण्याला आर्बिट्राज म्हणतात, आणि तो या स्पर्धांत कसा शोधावा, असे वाचकांनी विचारले आहे. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. विश्वचषक कोण जिंकणार, या करारात एका संघाचा ‘होय’ मला कालशी या अमेरिकी भाकीत-बाजारात १८ सेंटला आणि त्याच संघाचा ‘नाही’ पॉलीमार्केट या दुसऱ्या भाकीत-बाजारात ७९ सेंटला दिसला. दोन्ही मिळून ९७ सेंट होतात आणि निकाल काहीही लागला तरी एक डॉलर मिळतो. स्पर्धा संपायला शंभर दिवस आहेत. हा तीन टक्क्यांचा निर्धोक नफा मानावा का?

उत्तर : आपले गणित बरोबर आहे, पण ते अर्ध्यावर थांबले आहे. कालशीवर समोर लागलेली ऑर्डर लगेच उचलणाऱ्याला द्यावे लागणारे शुल्क काढण्याचे सर्वसाधारण सूत्र असे आहे : करारांची संख्या, भाव आणि एक वजा भाव यांचा गुणाकार करायचा, त्याला ०.०७ ने गुणायचे आणि आलेला आकडा पुढच्या पूर्ण सेंटापर्यंत न्यायचा. १८ सेंटच्या भावाने शंभर करार घेतले तर हे शुल्क १ डॉलर ४ सेंट होते. दुसऱ्या बाजूचा पैसे भरण्या-काढण्याचा सगळा खर्च करारामागे अवघा अर्धा सेंट धरला, तरी शंभर करारांचा एकूण खर्च ९८ डॉलर ५४ सेंटवर जातो आणि हातात १ डॉलर ४६ सेंट उरतात. हा सुमारे दीड टक्का परतावा शंभर दिवसांचा आहे. वर्षाच्या हिशेबाने तो साडेपाच टक्क्यांच्या आत येतो, आणि तेवढे दिवस आपले पैसे दोन ठिकाणी अडकून पडतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ७९ सेंटला विकायला किती माल लागला आहे? ऑर्डर बुकात, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी लागलेल्या ऑर्डरींच्या यादीत, त्या भावाला दोनशेच करार असतील, तर आपला सगळा नफा तीन डॉलरांच्या आत आहे. कालशीच्या बाजूला आपण उत्साहाने हजार करार घेऊन बसलात आणि दुसरीकडे दोनशेच मिळाले, तर उरलेले आठशे ही साधी पैज झाली. म्हणून जाणते लोक ज्या बाजूला माल कमी आहे ती बाजू आधी घेतात, आणि तिथे जेवढे मिळेल तेवढेच दुसरीकडे घेतात.

आपण अमेरिकेत राहता, म्हणून आणखी एक गोष्ट तपासा. अमेरिकेतल्या वायदेबाजारांवर देखरेख करणाऱ्या कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनने जानेवारी २०२२ मध्ये पॉलीमार्केटला १४ लाख डॉलरांचा दंड केला आणि त्यानंतर त्या कंपनीने अमेरिकी ग्राहकांना आपला ब्लॉकचेनवरचा बाजार बंद केला. २०२५ मध्ये परवानाधारक बाजार विकत घेऊन ती अमेरिकेत परतली, पण अमेरिकेतला हा नियंत्रित बाजार आणि बाहेरचा आंतरराष्ट्रीय बाजार यांची ऑर्डर बुके वेगळी आहेत. पडद्यावर दिसलेला ७९ सेंटचा भाव बाहेरच्या बाजाराचा असेल, तर तो आपल्यासाठी नाहीच. शिवाय खेळांवरचे हे करार राज्यांच्या जुगारविषयक कायद्यांच्या कक्षेत येतात की नाहीत, यावर कालशी आणि न्यू जर्सीसह अनेक राज्ये न्यायालयात गेलेली आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : लंडनहून लिहितो आहे. बाद फेरीच्या एका सामन्यात पहिल्या संघाच्या विजयाला बेटिंग एक्स्चेंजवर २.४४ आणि दुसऱ्या संघाच्या आगेकूचीला एका बुकमेकरकडे २.२२ असा भाव होता (म्हणजे जिंकल्यास एका पौंडाचे तेवढे पौंड). दोहोंचे व्यस्तांक मिळवले तर ०.८६ येतात, म्हणजे १०० पौंडांचे ११६ पौंड. एवढी मोठी फट कुणालाच कशी दिसली नाही?

उत्तर : ती सगळ्यांना दिसलेली आहे. बाजाराने तिची किंमत १४ टक्के ठरवली आहे आणि आपण तिला नफा समजत आहात.

फुटबॉलच्या बाजारात ‘विजय’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. सामन्याच्या निकालाचा नेहमीचा बाजार ९० मिनिटे आणि पंचाने दिलेला भरपाईचा वेळ एवढ्यावरच चुकता होतो. त्यात विजय, पराभव आणि बरोबरी अशा तीन शक्यता असतात, आणि जादा वेळेत झालेला गोल त्यात धरला जात नाही. ‘आगेकूच’ हा बाजार मात्र जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट धरून चुकता होतो. आपण एक बाजू पहिल्या बाजारातली आणि दुसरी बाजू दुसऱ्या बाजारातली घेतली आहे. ९० मिनिटांत बरोबरी झाली आणि नंतर पहिला संघ जिंकला, तर आपली पहिली पैज बरोबरीमुळे जाते आणि दुसरी पैज तो संघ पुढे गेल्यामुळे जाते. दोन्हीकडून हाती शून्य येते.

हे क्वचित घडते असे वाटत असेल, तर २०१६ च्या युरो स्पर्धेतल्या पोर्तुगालकडे पाहा. गटातले तिन्ही सामने त्यांनी बरोबरीत सोडवले : आइसलंडशी १-१, ऑस्ट्रियाशी ०-० आणि हंगेरीशी ३-३. बाद फेरीत क्रोएशियाला त्यांनी जादा वेळेत १-० असे हरवले, पोलंडला १-१ नंतर पेनल्टींवर हरवले, आणि अंतिम सामन्यात एडरच्या जादा वेळेतल्या गोलावर फ्रान्सला १-० असे हरवले. ९० मिनिटांत त्यांनी जिंकलेला सामना एकच, वेल्सविरुद्धचा २-० असा उपांत्य सामना. विजेत्या संघाने सातपैकी सहा सामने ९० मिनिटांत बरोबरीत सोडवले होते. क्रोएशिया, पोलंड आणि फ्रान्स या तिन्ही सामन्यांत ज्याने ‘पोर्तुगालचा विजय’ आणि ‘प्रतिस्पर्ध्याची आगेकूच’ अशी आपल्यासारखी जोडी घेतली असती, त्याची दोन्ही टोके तिन्ही वेळा बुडाली असती. २०२२ च्या विश्वचषकातही बाद फेरीच्या १६ सामन्यांपैकी ५ सामने पेनल्टींपर्यंत गेले, आणि अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना त्यांपैकीच एक होता.

याच दोन बाजारांतून खरी संधी निघते ती वेगळ्या जोडीतून. एकाच संघाची ‘आगेकूच : होय’ आणि ‘९० मिनिटांत विजय : नाही’ अशी जोडी घ्या. संघ ९० मिनिटांत जिंकला तर पहिला करार एक देतो, हरला तर दुसरा देतो, आणि बरोबरीनंतर पुढे गेला तर दोन्ही देतात. म्हणून या जोडीची किंमत शुल्कासह एकाच्या खाली मिळाली, तर ते निखळ आर्बिट्राज होय. जो संघ ९० मिनिटांत जिंकतो तो पुढे जातोच, म्हणून आगेकूचीचा भाव ९० मिनिटांच्या विजयाच्या भावाखाली कधीच असता कामा नये. तो तसा दिसला तर कुणाचा तरी भाव शिळा आहे, आणि सामना चालू असताना असा शिळा भाव काही सेकंदच टिकतो.

हा धडा मी स्वतः फुटबॉलवर शिकलो नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईत एका दलालाच्या पेढीत उमेदवारी करत होतो. तेव्हा मुंबई आणि कलकत्ता इथल्या शेअरभावांतल्या फरकावर आमचे पोट चाले. एका सकाळी एक शेअर मुंबईत २१२ आणि कलकत्त्यात २१९ रुपये होता. मी एसटीडीवर कलकत्त्याला विक्री सांगितली, इकडे खरेदी केली आणि पाटीवर सात रुपयांचा फायदा लिहून मोकळा झालो. संध्याकाळी मुनीमजींनी चष्मा कपाळावर सरकवून एवढेच विचारले, “डिव्हिडंड बघितला का?” मुंबईत तो शेअर त्या दिवसापासून एक्स-डिव्हिडंड, म्हणजे डिव्हिडंडाच्या हक्काविना, झाला होता आणि कलकत्त्यात दोन दिवस कम-डिव्हिडंडच, म्हणजे त्या हक्कासह, चालणार होता. डिव्हिडंड आठ रुपये होता, आणि कलकत्त्याच्या खरेदीदाराला तो मला द्यावा लागला. कंपनी एक, नाव एक, पण मी विकलेली आणि विकत घेतलेली वस्तू वेगवेगळी होती.

प्रश्न : सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूच्या करारांत सगळ्यांचे ‘होय’ भाव मिळवले तर ते एक डॉलरच्या पुष्कळ वर जातात. मग सगळ्यांचे ‘नाही’ घेऊन ठेवले तर? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ही युक्ती ‘विजेता नेमका एकच असेल’ या गृहीतावर उभी आहे. विश्वचषकाच्या विजेत्याबाबत ते खरे आहे, सर्वाधिक गोलांबाबत नाही. २०१० च्या विश्वचषकात म्यूलर, व्हिया, स्नायडर आणि फोर्लान या चौघांचे पाच-पाच गोल झाले आणि गोल करण्यासाठी जास्त साहाय्य केल्यामुळे फिफाने गोल्डन बूट म्यूलरला दिला. २०२४ च्या युरोत सहा खेळाडूंचे तीन-तीन गोल झाले आणि युएफाने तो मान सहाही जणांत वाटला. बुकमेकर अशा वेळी रक्कम विभागून देतात. एखादा करार सहाही जणांना ‘होय’ ठरवू शकतो आणि दुसरा अधिकृत पुरस्कारालाच प्रमाण मानू शकतो. सहा जण ‘होय’ ठरले, तर आपल्या ‘नाही’च्या गठ्ठ्यातले एकाऐवजी सहा करार कोरडे जातील.

निकाल कोण आणि कशावरून जाहीर करणार, हे म्हणूनच भावाइतकेच महत्त्वाचे आहे. पॉलीमार्केटच्या ब्लॉकचेनवरच्या बाजारात यूएमए नावाची व्यवस्था बराच काळ हे काम करत आली आहे. तिच्यात कुणीतरी अनामत ठेवून निकाल सुचवतो, आक्षेप घेण्यासाठी साधारण दोन तास मिळतात, आणि वाद वाढला तर यूएमएचे टोकनधारक मतदान करतात. नियंत्रित बाजारात हा निर्णय बाजार चालवणारी संस्था आपल्या नियमावलीप्रमाणे घेते. एकाच सामन्याचे दोन निकाल दोन ठिकाणी लागू शकतात, ते असे. मुंबईतला आकड्यांचा जुगारही मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर चाले. ते आकडे येणे थांबले तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात घालून काढण्याची पद्धत आली आणि मटका हे नाव पडले. पैजेचा विषय तोच राहिला आणि निकालाचा स्रोत बदलला, की ती पैज निराळी होते.

प्रश्न : मी नाशिकला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. क्रिप्टो वापरून इथूनच परदेशी भाकीत-बाजारात आर्बिट्राज करता येईल, असे मित्र सांगतात. नफा निर्धोक असेल तर त्याला जुगार कसे म्हणता येईल?

उत्तर : हे करू नका, असे मी आपल्याला अगदी स्पष्ट शब्दांत सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच ठेवलेला नाही. असा खेळ देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे आपले मित्र सांगतील. पण त्याआधीपासून असलेली बंधने ते सांगणार नाहीत. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांत ज्या कारणांसाठी देशाबाहेर पैसे पाठवायला मनाई आहे, त्या यादीत लॉटरीच्या तिकिटांबरोबर ‘फुटबॉल पूल्स’ असा शब्दच लिहिलेला आहे. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही.

आर्बिट्राजला हे शेवटचे कलम विशेष घातक आहे, कारण त्यात एक टोक नेहमी तोट्यातच संपते. ९७ सेंटच्या जोडीत जिंकणाऱ्या टोकावर कर भरावा लागला आणि हरणारे टोक वजा झाले नाही, तर आपला तीन सेंटचा नफा पुसला जाऊन वर तोटा होतो. वर १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमानुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, म्हणजे समोरच्याने पैसे बुडवले तर आपण त्याच्यावर दावाही लावू शकत नाही. ज्या नफ्याचे एक टोक वसूल करायला न्यायालयाचे दार उघडे नाही, त्याला निर्धोक म्हणता येणार नाही.

आपल्याला या विषयाची ओढ असेल तर भाव नोंदवा, प्रोग्रॅम लिहा आणि कागदावर सौदे करून पाहा. त्यासाठी एक रुपयाही कुठे पाठवावा लागत नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. मी पैज लावत नाही, पण वर्गात संभाव्यता शिकवताना हे भाव वापरतो. २०२६ च्या विश्वचषकातल्या एका गटातल्या चार संघांच्या आगेकूचीचे भाव ०.९२, ०.८१, ०.६३ आणि ०.३४ असे धरले. त्यांची बेरीज २.७० होते. गटातून दोनच संघ पुढे जात असतील तर बेरीज २ असायला हवी. म्हणजे चौघांचे ‘नाही’ १.३० डॉलरला घेऊन २ डॉलर मिळतील. माझे कुठे चुकते आहे? सोबत वहीच्या पानाचा फोटो पाठवत आहे.

उत्तर : सर, आलेल्या पत्रांत आपले पत्र मला सर्वांत मोलाचे वाटले. पानावर चारही भावांसमोर ‘नाही’चे भाव, म्हणजे ०.०८, ०.१९, ०.३७ आणि ०.६६, नीट मांडलेले आहेत, आणि खाली लाल शाईत ‘२ − १.३० = ०.७०’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे. ते प्रश्नचिन्ह अगदी योग्य जागी आहे.

१९९८ ते २०२२ या काळातल्या प्रत्येक विश्वचषकात ३२ संघ आणि ८ गट होते, प्रत्येक गटातून दोनच संघ पुढे जात, आणि तेव्हा आपला नियम तंतोतंत खरा होता. २०२६ चे स्वरूप निराळे आहे. त्यात ४८ संघ आणि १२ गट आहेत. प्रत्येक गटातले पहिले दोन मिळून २४ संघ होतात, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या १२ संघांपैकी सर्वोत्तम ८ संघ त्यांना येऊन मिळतात. असे ३२ संघ पुढे जातात आणि १६ बाद होतात. म्हणून एका गटाची बेरीज आता ठरीव नाही. आठ गटांतून तीन-तीन आणि चार गटांतून दोन-दोन संघ पुढे जातील, आणि ते गट कोणते, हे शेवटचा साखळी सामना संपेपर्यंत कळत नाही.

आता आपल्या सौद्याकडे पाहू. गटातून तीन संघ पुढे गेले तर चार ‘नाही’पैकी एकच फळेल, म्हणजे १.३० देऊन १ मिळेल आणि ३० सेंटचा तोटा होईल. दोनच पुढे गेले तर २ मिळतील आणि ७० सेंटचा नफा होईल. असाच सौदा बाराही गटांत याच भावाने केला, असे धरू. आठ गटांत ३० सेंटप्रमाणे २.४० चा तोटा, चार गटांत ७० सेंटप्रमाणे २.८० चा नफा, म्हणजे सगळे मिळून ४० सेंट, गटामागे सव्वातीन सेंटच्या आसपास. आपल्याला ७० सेंट दिसले होते. त्यांपैकी बाजाराने चुकीने सोडलेले फार तर एवढेच, तेही शुल्क धरण्याआधी.

तिसऱ्या क्रमांकाची ही वाट नवी नाही. १९८६, १९९० आणि १९९४ च्या विश्वचषकांत २४ संघ असताना ती होती. १९९० मध्ये अर्जेंटिना आणि १९९४ मध्ये इटली गटात तिसरे येऊनही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. वर ज्याचा उल्लेख केला तो २०१६ चा पोर्तुगालही आपल्या गटात हंगेरी आणि आइसलंडच्या मागे तिसराच होता. जुन्या नियमाने बेरीज २ धरणाऱ्याने त्या गटातल्या चौघांचे ‘नाही’ घेतले असते, तर पुढे युरो विजेता ठरलेला संघच त्याला आडवा आला असता.

आपल्या वर्गासाठी खरा अढळ आकडा गटाचा नसून स्पर्धेचा आहे. सगळ्या ४८ संघांच्या आगेकूचीच्या भावांची बेरीज ३२ आणि ‘नाही’च्या भावांची बेरीज १६ हवी. उपांत्य फेरी गाठण्याच्या भावांची बेरीज ४ आणि अंतिम फेरी गाठण्याच्या भावांची २ हवी. शिवाय कोणत्याही एका संघाचा विजेतेपदाचा भाव अंतिम फेरीच्या भावापेक्षा आणि अंतिम फेरीचा भाव उपांत्य फेरीच्या भावापेक्षा जास्त असू नये. ४८ ‘नाही’ एकत्र १६ डॉलरच्या खाली मिळाले, तर ती लाल शाई सार्थकी लागेल. मात्र बेरीज करताना शेवटच्या सौद्याचा भाव घेऊ नका. जो भाव विकणारा आज मागतो आहे तोच घ्या, कारण खरेदी आणि विक्रीच्या भावांत संघामागे एक सेंटचे अंतर असले तरी ४८ संघांचे ते ४८ सेंट होतात, आणि बाराही गटांच्या आपल्या सौद्यात उरले होते ४० सेंट. मुलांना हा बेरजेचा तक्ता रोज एकदा भरायला सांगा. आपल्या वहीच्या त्या पानावर उरलेले ११ गट मावतील एवढी जागा मला फोटोत दिसते आहे.